यतीची बुद्धी ८, छाप ७

१९२२ साली मंगोलियाच्या राजधानीत, तेव्हाच्या उर्गात, एक सरकारी बैठक भरली होती. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतर्फे रॉय चॅपमन अँड्र्यूज गोबीच्या वाळवंटात जीवाश्म शोधायला निघाले होते आणि त्यासाठी परवानगी हवी होती. कागदपत्रांचं सगळं जुळत आलं, आणि मग खुद्द पंतप्रधानांनी आपली एक मागणी पुढे ठेवली. जमलंच तर आमच्या सरकारसाठी एक ओल्गोय-खोरखोय धरून आणा. हा प्राणी सॉसेजसारखा, दोनेक फूट लांब. डोकं नाही, पाय नाहीत. आणि विषारी असा की हात लावला की माणूस जागच्या जागी संपला. बैठकीतल्या एकानेही तो पाहिला नव्हता, पण बारीकसारीक वर्णन प्रत्येकाकडे तयार होतं. एका मंत्र्याच्या दिवंगत पत्नीच्या बहिणीच्या चुलतभावाने तर तो प्रत्यक्ष पाहिला होता. एवढ्या जवळच्या नात्यातला साक्षीदार निघाल्यावर अँड्र्यूजनी आढेवेढे घेतले नाहीत. लांब पोलादी चिमट्याने धरू म्हणाले, आणि नुसतं बघूनही अपाय होऊ नये म्हणून काळा चष्मा लावू.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ यानंतर बावन्न वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे जनक. तो खेळतात कसा, हे ज्यांना काही केल्या समजत नाही त्यांना उर्गाची बैठक सांगावी. टेबलाच्या एका टोकाला बसलेला माणूस गंभीर चेहऱ्याने कोणीच न पाहिलेल्या प्राण्याचं वर्णन करतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे चारपाच जण त्यावर शंभर टक्के विश्वास ठेवतात आणि लगेच आपापल्या पोतडीत काय आहे ते सांगू लागतात. चिमटा आहे. चष्मा आहे. पन्नास फूट दोर आहे. चिमटा लागू पडला की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पंतप्रधानांकडे फासा नव्हता, एवढाच काय तो फरक.

गोबीतला हा किडा पुढे खरोखरच खेळात दाखल झाला. पाथफाइंडर या डंजन्सच्या भावकीतल्या खेळाने त्याला जागा दिली. त्याच खेळाच्या प्रकाशकांनी, म्हणजे पायझो कंपनीने, २०१२ मध्ये 'मिस्ट्री मॉन्स्टर्स रिव्हिजिटेड' या नावाचं, असल्या ऐकीव प्राण्यांनाच वाहिलेलं पुस्तक काढलं. ऐकीव प्राण्याला नियमात बसवणं हा आता रीतसर धंदा आहे. माणसं त्यावर पगार घेतात.

धंद्यातली अडचण मात्र पहिल्या दिवसापासून तीच आहे. दंतकथेतल्या प्राण्याचं सगळं वजन तो नीट न दिसण्यात असतं. धुकं हवं, संध्याकाळ हवी, साक्षीदार एकटा हवा आणि शक्यतो थोडा दमलेला हवा. खेळाला यातलं काही चालत नाही. तिथे प्रत्येक प्राण्याची एक चौकट असते आणि ती पूर्ण भरावी लागते: चिलखत किती, हिट पॉइंट्स (म्हणजे मार सोसायची ताकद) किती, धावतो किती फूट, ताकद, चपळाई, बुद्धी, शहाणपण. 'माहीत नाही' असं लिहायला रकानाच नाही.

यतीचंच बघा. १९५१ मध्ये हिमालयातल्या मेनलुंग हिमनदीवर गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी त्या प्रसिद्ध पाऊलखुणेचा फोटो काढला, तेव्हा आकार कळावा म्हणून ठशाशेजारी बर्फकुऱ्हाड ठेवली होती. जगाच्या हाती लागलेलं यतीचं सगळ्यात भक्कम माप म्हणजे ती कुऱ्हाड. पण डंजन्सच्या प्राण्यांचं नियमपुस्तक असलेल्या २०१४ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये मात्र यतीची पूर्ण कुंडली आहे. चिलखत १२. हिट पॉइंट्स ५१. जमिनीवर वेग ४० फूट, कड्यावर चढतानाही ४० फूट. बुद्धी ८, शहाणपण १२. म्हणजे शिक्षण बेताचं असलं तरी व्यवहार कळतो. भाषेच्या रकान्यात 'यती' असं लिहिलं आहे. आणि व्यक्तिमत्त्वाची छाप ७. सामान्य माणसाची दहा धरतात. ज्याने नुसत्या ठशाच्या जोरावर एडमंड हिलरींसारख्या माणसाला १९६० मध्ये मोहीम काढायला लावली, त्याला छाप ७! हिलरींनी खुमजुंगच्या गोम्पातली 'यतीची टाळू' परदेशी तज्ज्ञांना दाखवायला नेली आणि ती सेरो नावाच्या हिमालयातल्या शेळीवजा प्राण्याच्या कातड्याची निघाली, ते पुढचं. पण टाळूनेसुद्धा शिकागो, पॅरिस, लंडन पाहून घेतलं.

त्या चौकटीत एक ओळ मात्र अस्सल आहे. यती आगीला भितो. चटका बसला की पुढच्या खेपेपर्यंत त्याचा नेम बिघडतो. या एका ओळीने बाकीच्या आकड्यांपेक्षा जास्त काम होतं. कारण ५१ हिट पॉइंट्स ऐकून खेळाडू तलवार उपसतो, आणि आगीचं ऐकल्यावर लाकडं किती उरली आहेत ते मोजतो. रात्र, बर्फ, संपत आलेली लाकडं एवढं जमलं की यती अंगणात आला म्हणून समजा. चांगला डंजन मास्टर त्याला तासभर दाखवतच नाही.

गंमत अशी की खेळातले सगळ्यात लाडके प्राणी कोणत्याही दंतकथेतून आलेले नाहीत. ते आले प्लॅस्टिकच्या पिशवीतून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्वस्त दुकानांत हाँगकाँगी बनावटीची खेळणी पिशवीत भरून मिळायची. 'प्रागैतिहासिक प्राणी' या नावाखाली विकली जाणारी ही मंडळी पृथ्वीवर कोणत्याच काळात नांदलेली नव्हती. गायगॅक्सनी एक पिशवी घेतली आणि प्यादी म्हणून पटावर मांडली. त्यातल्या एकाची चोच बघून तो घुबड आणि अस्वल यांचा संकर ठरला, तो 'आउलबेअर'. दुसऱ्याच्या शेपटीला पंख्यासारखं काहीतरी होतं. त्याला 'रस्ट मॉन्स्टर' करून लोखंड गंजवायच्या कामाला लावलं. तिसरा पाठीवर कवच असलेला, जमिनीखालून मुसंडी मारणारा 'बुलेट' झाला आणि १९७६ मध्ये 'ड्रॅगन' मासिकाच्या पहिल्या अंकात झळकला.

रस्ट मॉन्स्टरची करामत तर मानसशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी. तो माणसाला मारत नाही, त्याचं चिलखत खातो. समोर साक्षात ड्रॅगन आला तरी 'मरू की नाहीतर' म्हणणारे वीर या शिंगवाल्या झुरळापुढून पळत सुटतात. चिलखताला पैसे पडलेले असतात.

याच्या बरोबर उलट प्रवास नेसीचा. स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातल्या या बाईंचा गाजलेला फोटो १९३४ मध्ये 'डेली मेल'ने छापला. लंडनच्या एका सर्जनच्या नावावर असल्याने त्यावर शंका घेणं लोकांना असभ्यपणाचं वाटलं असावं. साठ वर्षांनी, १९९४ मध्ये, कळलं की पाण्यातून वर आलेली ती मान एका खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली होती, आणि पाणबुडी वूलवर्थच्या दुकानातली. कट रचणारे मार्माड्यूक वेदरेल आधीच दुखावलेले होते. त्यांना सरोवराकाठी सापडलेले अजस्र ठसे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने पाणघोड्याच्या वाळवलेल्या पायाचे ठरवले होते. त्या काळी असे पाय छत्र्या ठेवायला वापरत. म्हणजे एक खेळणं साठ वर्षं राक्षस म्हणून वावरलं आणि उघडं पडलं; दुसरं, म्हणजे आउलबेअर, पहिल्या दिवसापासून खेळणं म्हणूनच आलं आणि २०२३ च्या डंजन्सवरच्या चित्रपटात प्रेक्षकांच्या टाळ्या घेऊन गेलं. इमानदारीचं फळ म्हणायचं, तर तेही या धंद्यात शोभत नाही.

नेसीला खेळात घेणाऱ्याची खरी पंचाईत वेगळीच आहे. सरोवर सुमारे ३७ किलोमीटर लांब आणि सव्वादोनशे मीटरहून खोल. प्राणी आत. खेळाडू काठावर. आणि खेळाडू हा जगातला सगळ्यात सावध जीव असल्यामुळे तो काठावरच राहतो. अशा वेळी खजिना पाण्यात टाकावा लागतो, मग सगळे एका सुरात पोहायला येतं म्हणतात.

अमेरिकेच्या जंगलांतला यती म्हणजे बिगफूट. त्याचं दुखणं याहून नाजूक. २० ऑक्टोबर १९६७ रोजी उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकला चित्रित झालेली त्याची फिल्म जेमतेम मिनिटभराची आहे. डंजन्सच्या पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते. हिशेब केला तर बिगफूटला जागतिक कीर्ती मिळवून देणारी ती भेट दहा फेऱ्यांची भरते. या दहा फेऱ्यांत त्याने काय केलं? नऊ फेऱ्या चालला. एका फेरीत मान वळवून मागे पाहिलं. वार नाही, गर्जना नाही. समोरच्या बाजूला मात्र घोडे बिथरले, स्वार खाली आला, कॅमेरा हलला. नियमाच्या भाषेत सांगायचं तर बिगफूटने चाल न खेळता डाव जिंकला. असा प्राणी चौकटीत लिहायचा तर त्याचा एकच गुण लिहायला हवा: याचं चित्र कधीही स्पष्ट येत नाही. मग कॅमेरा भारीतला असो, नाहीतर जादूगाराचा स्फटिकाचा गोळा.

चुपाकाब्राला अशी लाज नाही. १९९५ मध्ये पुएर्तो रिकोत शेळ्यामेंढ्यांचं रक्त शोषणारा म्हणून तो गाजला. कानोव्हानास गावच्या महापौरांनी स्वयंसेवक जमवले, पिंजऱ्यात आमिषाला शेळी बांधली आणि लष्करी पोशाखात रात्रीच्या शिकारीला निघाले. पुढे पुन्हा निवडून यायचं होतं, हा तपशील अर्थातच योगायोगाचा. पुढे बेंजामिन रॅडफर्ड या अभ्यासकाने छडा लावला तेव्हा पहिलं ठळक वर्णन त्याच उन्हाळ्यात आलेल्या 'स्पीशीज' या चित्रपटातल्या परग्रहवासीशी हुबेहूब जुळलं. महापौरांची ती टोळी उचलून जशीच्या तशी टेबलावर बसवता येते. तिच्यात पुढारी आहे, हौशी अनुयायी आहेत, शेळी आहे. नियमांत भर घालायची ती एवढीच की शेळी आपल्या पैशाने आणायची. साहसी वीर राजकन्येसाठी जीव देतील, शेळीचे पैसे देताना मात्र चौघेही खिशात हात घालून उभे राहतात.

मॉथमनशी थट्टा जपून करावी लागते. वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंट गावी १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये लाल डोळ्यांची, पंखांची आकृती दिसल्याच्या बातम्या आल्या, आणि १५ डिसेंबर १९६७ ला तिथला सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली. पूल पडला तो लोखंडी साखळीच्या एका दुव्याला गेलेल्या चिरेमुळे. लोकांनी मात्र दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या, आणि मॉथमन हा अरिष्टाआधी येणारा झाला. याला हिट पॉइंट्स देऊन तीन फेऱ्यांत पाडणं म्हणजे तार वाचायच्या आधी पोस्टमनला ठार करण्यासारखं आहे. पाथफाइंडरच्या लेखकांना हे कळलं होतं. त्यांनी मॉथमनला दैवाचा हस्तक केलं. घटनांना तो हळूच धक्का देतो आणि बाजूला होतो. खेळाडूंना त्याची भीती वाटते, कारण त्याला मारून पूल वाचत नाही.

आपल्याकडचा माल तिकडे गेल्यावर काय होतं याचा नमुना म्हणजे राक्षस. १९७७ च्या पहिल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे आणि डेव्हिड ट्रँपियरच्या चित्रात त्याला वाघाचं डोकं आहे, अंगात झगा आहे आणि हातात धूम्रपानाचा पाइप आहे. रामायण वाचून वाढलेल्या माणसाला हे गृहस्थ कोणत्या कांडातले असा प्रश्न पडेल. ते मुळी रामायणातले नाहीतच, टीव्हीतले आहेत. १९७४ मध्ये 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' या अमेरिकी मालिकेच्या एका भागात राक्षस आला होता. तो समोरच्याला त्याच्या विश्वासातल्या माणसाचं रूप दाखवतो आणि मंतरलेल्या बाणानेच मरतो, अशी त्यातली कल्पना. गायगॅक्सनी ती बाणासकट उचलली. ज्या रावणासाठी ब्रह्मास्त्र काढावं लागलं, त्याच्या भाऊबंदांची मालिकेतल्या शिकागोच्या एका वार्ताहराने तासाभरात वासलात लावली.

पुढच्या आवृत्त्यांत या राक्षसाचे तळहात उलटे झाले. कोकणातल्या कोणत्याही आजीला विचारा: उलटे असतात ते पाय, आणि तेही हडळीचे. विस्कॉन्सिनला पोचेपर्यंत उलटेपणा वर चढला.

खरं तर मराठी मुलखात नियमपुस्तक लिहिणाऱ्याला फारसं कामच उरलेलं नाही. मुंजा पिंपळावर राहतो, दुसऱ्या झाडावर नाही. त्याची मुंज झालेली, लग्न राहिलेलं. म्हणजे हेतूचा रकानाही भरला. चकवा रात्रभर एकाच रानात फिरवतो आणि उजाडलं की सोडतो. म्हणजे परिणाम किती वेळ टिकतो तेही ठरलेलं. तिकडच्या लेखकांना ज्या मर्यादा बसून रचाव्या लागतात, त्या इथे ओसरीवर जेवणानंतर फुकट मिळत. आणि पावलांच्या ठशांचं म्हणाल, तर वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार देव. तो रात्री गावातून फेरी घालतो अशी श्रद्धा आहे, म्हणून भक्त त्याला भल्या मोठ्या कातडी चपला वाहतात, आणि त्या झिजतात असं सांगतात. बिगफूटवाले प्लॅस्टरचे साचे घेऊन जंगलात पाय शोधत हिंडतात. आरवलीत चपलेचं माप चांभाराला तोंडपाठ असतं. वेतोबाला अर्थातच कोणी हिट पॉइंट्स लावायला जाऊ नये. डंजन्सवाल्यांनी १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये भारतीय देवांनाही आकडे लावले होते. आरवलीला तेव्हा ते पुस्तक पोचलं नसावं, हे बरं झालं.

पण न पाहिलेल्या प्राण्यासाठी नियम करण्यात खेळवाले पहिले नाहीत. तो मान सरकारांचा. १९५९ च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या अमेरिकी दूतावासाने यतीच्या शोधमोहिमांसाठी नेपाळ सरकारचे नियम कळवणारं पत्रक काढलं. परवान्याला पाच हजार भारतीय रुपये. यती सापडल्यास फोटो काढावा किंवा जिवंत धरावा. स्वसंरक्षणाची वेळ आल्याखेरीज गोळी घालू नये. फोटो आणि यतीही सरकारजमा करावा. बातमी नेपाळ सरकारच्या परवानगीशिवाय छापायला देऊ नये. डंजन मास्टरने हे कलमवार टेबलावर ठेवलं तर त्याला संध्याकाळभर दुसरं काही लिहायला नको. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कामेनिया काउंटीने १ एप्रिल १९६९ रोजी बिगफूटला मारणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद असा ठराव केला. तारीख एक एप्रिल असली तरी ठराव रीतसर होता. वायोमिंगमधल्या डग्लस गावात शिंगवाल्या सशाच्या, म्हणजे जॅकलोपच्या, शिकारीचा परवाना मिळतो आणि तो फक्त ३१ जूनला चालतो. नेपाळात पाच हजार भरायचे, स्कामेनियात आत जायचं. खेळात मात्र यती मारला की सातशे अनुभवगुण जमा.

त्या सातशेवरही आता शास्त्रज्ञांची नजर पडली आहे. २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यतीचे म्हणून जपलेले हाड, दात, कातडी, केस असे नऊ नमुने डीएनएसाठी तपासले. आठ अस्वलांचे निघाले. नववा, गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर यांच्या संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या यतीचा दात, कुत्र्याचा. हा निकाल टेबलावर प्रामाणिकपणे लागू करायचा तर आठ यतींची पदावनती होऊन ते साध्या तपकिरी अस्वलाच्या चौकटीत येतात: हिट पॉइंट्स ३४, अनुभवगुण दोनशे. त्यातला एखादा काळं अस्वल निघाला तर शंभरच. नवव्याला मॅस्टिफ कुत्र्याच्या रकान्यात घालावं लागेल. त्याचे हिट पॉइंट्स ५, मारला तर अनुभवगुण पंचवीस. मारायची गरजही नाही. 'प्लेयर्स हँडबुक'च्या दरपत्रकात मॅस्टिफ पंचवीस सोन्याच्या नाण्यांना विकत मिळतो, आणि अंगकाठीने लहान असलेल्या हाफलिंगला त्याच्यावर खोगीर टाकून बसताही येतं.